दूध नासलं, लाईन गेली आणि मग कुठे 'सुमती' झाली

नणंदेची मुलगी दहावीचा शेवटचा पेपर देऊन पुण्याहून आली, ती मार्च संपता संपता. ऊन तेव्हा नुकतं चाळिशीला टेकलं होतं, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबाने अजून हिवाळाच. तिसऱ्या दिवशी दुपारी कूलरपुढे पाय पसरून ती म्हणाली, "मामी, स्मूदी करू या ना. घरचीच संत्री आहेत."

मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या बागेला लागून घर. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. मृगाचा माल, म्हणजे मृग बहाराची संत्री, व्यापाऱ्याने नेला होता, पण घरच्यासाठी म्हणून दोन झाडं राखून ठेवली होती. तिने मोबाईलवर काय काय दाखवलं. त्यातल्या बायका संत्र्याच्या फोडी काचेच्या भांड्यात टाकतात, वरून दूध ओततात, बटण दाबतात, झालं. मीही तसंच केलं. आठ संत्री सोलली, फोडी बियांसकट आणि पांढऱ्या धाग्यांसकट मिक्सरच्या मोठ्या भांड्यात, वर दोन पेले म्हशीचं दूध, चार चमचे साखर.

झाकण काढलं तर वर फेस आणि खाली दह्यासारखे चोथे. सासूबाई मागेच उभ्या होत्या.

"काहून वो, चांगलं दूध नासवलं ना! संत्र्यात दूध टाकते का कोनी?"

खरं तर मलाही हे माहीत होतं. लिंबू पिळून पनीर करणारी बाई मी, आंबट पडलं की दूध फाटणार हे काय सांगायला पाहिजे? पण मोबाईलमधल्या बाईचं फाटलं नाही, म्हणून आपलंही फाटणार नाही, असं त्या घडीला वाटून गेलं. गाळून घेतलं, चाखलं, चव तशी वाईट नव्हती. थंड होऊ दे म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं. तासाभराने पोरीने घोट घेतला आणि तशीच मोरीकडे पळाली. कडूजहर. कडुलिंबाचा पाला वाटून टाकल्यासारखं.

माझ्या बहिणीचा मुलगा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकतो. त्याला फोन लावला तर तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "मावशी, बिया दळल्यास ना?" त्याने सांगितलं ते असं. संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो, तो मुळात कडू नसतो. म्हणून आपण फोड चावून खातो तेव्हा काही जाणवत नाही. पण रस काढला की रसातल्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि ते भयंकर कडू. म्हणून रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि ठेवला की कडू होतो. बाटलीत रस भरणाऱ्या कारखान्यांपुढेही हीच अडचण असते म्हणे. तीस वर्षं संत्र्याच्या घरात आहे, पण आम्ही संत्रं सोलून खातो किंवा ट्रकमध्ये भरतो. दळत कोण बसतं?

संत्र्याचा नाद तिथेच सुटला. एप्रिल लागला आणि वर्धा नदीच्या पात्रातल्या डांगरवाड्यांवरून, म्हणजे टरबूज-खरबुजांच्या वाड्यांवरून, माल यायला लागला. टरबूज फोडून तसंच खावं, ते मिक्सरमध्ये घातलं तर नुसतं पाणी होतं, असं माझं मत आहे. खरबुजाचं मात्र चांगलं जमेल असं वाटलं. बाजारातून दोन आणली. वरची जाळी उठून आलेली, देठाची जागा हुंगली की वास येणारी. वास नसेल तर कितीही पिवळं दिसो, आत काकडीच निघते.

खरबूज गोड, आंबट नाही, दूध फाटायचं कारण नाही. फाटलंही नाही. अकरा वाजता पोरीने आणि माझ्या मुलाने दोन-दोन पेले प्यायले, सासूबाईंनीसुद्धा अर्धा पेला घेऊन "थंडं हाय बापा" असा निकाल दिला. मी खूश. मामाजी, म्हणजे माझे सासरे, वावरातून चारला येतात, त्यांच्यासाठी गडवाभर फ्रीजमध्ये राखून ठेवलं.

मामाजींनी एक घोट घेतला, गडव्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे काय हाय वो?"

"स्मूदी, मामाजी."

"सुमती? लय कडू हाय तुही सुमती."

पुन्हा अकोल्याला फोन. या वेळी तो हसला नाही, बिचाऱ्याची परीक्षा होती. खरबुजात प्रथिनं तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. दुधात मिसळून ठेवलं की ते दुधाच्या प्रथिनांचे तुकडे करत बसतं आणि त्यातले काही तुकडे कडू लागतात. पपईचंही तेच. लगेच प्यायलं तर काही कळत नाही. म्हणजे संत्र्याचं कारण वेगळं, खरबुजाचं वेगळं, पण दोघांचं म्हणणं एकच: केलं की पिऊन टाका, राखून ठेवू नका. आणि आमच्या घरात तर कोणतीही चांगली गोष्ट केली की आधी एक वाटा झाकून ठेवायची रीत.

त्या दिवसापासून घरात त्याला सुमतीच म्हणतात. मागच्या गल्लीत खरीच एक सुमतीबाई राहतात. "आज सुमती कवा करतं?" असं मामाजी आंगणातून ओरडून विचारायला लागले, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं.

आता प्रश्न थंडाव्याचा. ताबडतोब प्यायची तर ती करतानाच थंड व्हायला पाहिजे. मुलगा सायकलवर जाऊन बर्फाच्या लादीचा तुकडा घेऊन आला, पोत्यात गुंडाळलेला, भुसा लागलेला. ती लादी खायची की मासे ठेवायची, कोण सांगणार? खायचा नसलेला बर्फ निळा असावा असा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे, आणि हा पांढराच होता. तरी मी तो पेल्यात घातला नाही. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, टाकला आणि त्यात पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, तेवढा कामाला आला.

भाची म्हणाली, केळी गोठवायची, मग बर्फ लागतच नाही. मी चार केळी सालीसकट फ्रीजरमध्ये टाकली. सकाळी काळी ठिक्कर, दगडासारखी. साल निघेना. सुरीने तासली, बोट कापून घेतलं, तुकडे भांड्यात टाकून वर थोडं दूध आणि बटण फिरवलं. मिक्सर घर्रर्र करून गप्प. वास आला. मला वाटलं जळला, गेले तीन हजार.

जळला नव्हता. मिक्सर उलटा केला की बुडाला एक बारीकसं लाल बटण असतं. मोटरवर जास्त ताण आला की ते बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा, बटण आत दाबायचं, पुन्हा सुरू. हा मिक्सर नऊ वर्षं माझ्या ओट्यावर आहे आणि ते बटण मी पहिल्यांदा पाहिलं. दुपारी आमच्याकडे व्होल्टेज इतकं पडतं की पंख्याची पाती मोजता येतात. त्यात कूलर सुरू, त्यात गोठलेलं केळं. मोटर तरी काय करेल? तेव्हापासून मिक्सर लावायच्या आधी कूलर बंद. तेवढी दोन मिनिटं सगळे घामाघूम होऊन माझ्याकडे पाहत बसतात.

पात्यांचंही एक कळलं. आधी पातळ खाली, त्यावर मऊ फळ, गोठलेलं सगळ्यात वर. मी उलट करत होते. गोठलेलं खाली गेलं की पाती त्यात अडकतात, नाहीतर खाली पोकळी होऊन नुसतीच गरगर फिरतात आणि वरचं फळ जागचं हलत नाही.

दुधाऐवजी दही घ्यायचं हे सासूबाईंनी सुचवलं. दही आधीच आंबट, ते फाटायचं कुठून? पण एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे विरजण लावून चार तास झाले की दही तयार आणि सहा तासांनी तोंड वाकडं होईल इतकं आंबट. म्हणून सासूबाई सकाळी सातला विरजण लावतात. मोठ्या कुंडीत ओली रेती, त्यात दह्याचं मडकं, वर ओलं फडकं. इथली हवा कोरडी, त्यामुळे रेतीतलं पाणी भराभर उडतं आणि मडकं गार पडतं. अकरापर्यंत दही लागलेलं असतं आणि गोडही राहतं.

तर आता आमची सुमती अशी. आदल्या रात्री चांगली ठिपके पडलेली दोन केळी सोलून, चकत्या करून स्टीलच्या ताटलीत सुट्या सुट्या मांडून फ्रीजरमध्ये. सकाळी डब्यात भरायच्या, नाहीतर एकमेकींना चिकटून ढेप होते. किलोभराचं एक खरबूज, बिया आणि साल काढून. एक मोठी वाटी दही. चिमूटभर मीठ, पुदिन्याची चार पानं. साखर मी घालत नाही, भाची स्वतःच्या पेल्यात घालते. चमचाभर सबजा पंधरा मिनिटं आधी पाण्यात भिजवायचा, फुगला की वरून घालायचा, दळायचा नाही. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, दोन-तीन झटके, मग अर्धा मिनिट सलग. चार पेले होतात. झाले की पाच मिनिटांत संपले पाहिजेत.

हे सगळं जमलं त्याच दिवशी नणंद आणि तिचे यजमान मुलीला न्यायला आले. जावई येणार म्हणून सासूबाईंनी काचेचे पेले काढले. मी खरबूज चिरलं, दही घातलं, केळी वर टाकली, कूलर बंद केला, बटण फिरवलं. एक झटका, दोन झटके आणि लाईन गेली.

दहा मिनिटं वाट पाहिली. मुलगा कोपऱ्यावर जाऊन विचारून आला, "दीडपर्यंत येत नाही म्हणते." केळ्याला पाणी सुटायला लागलं होतं. मी रडकुंडीला आले. सासूबाईंनी काही न बोलता मिक्सरचं भांडं गंजात उपडं केलं आणि खुंटीची रवी काढली. उरलेल्या केळ्याच्या चकत्या हातानेच कुस्करल्या, खरबुजाचे मोठे तुकडे वाटीच्या बुडाने रगडले आणि दोन पायांत गंज धरून घुसळायला बसल्या. रवीची दोरी ओढताना त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. अधूनमधून गंजात डोकावत होत्या, लोणी आलं का पाहतात तशा.

जे झालं ते प्यायचं नव्हतं. दाटसर, मध्ये मध्ये केळ्याच्या गोळ्या, खरबुजाचे रेशे. काचेच्या पेल्यांत चमचे घालून दिलं. जावयांनी पेला रिकामा केला आणि विचारलं, "हे श्रीखंडासारखं काय आहे?"

"सुमती," मामाजी म्हणाले.

भाची गेली. मिक्सरची आणि माझी आता ओळख पटली आहे. दारच्या गावरान आंब्याला अजून पाड लागलेला नाही, मेच्या मध्यावर लागेल. पिकला आंबा दुधात चालतो हे तरी मला आधीपासून माहीत आहे. तोवर खरबूज. फ्रीजरमधल्या केळ्यांच्या डब्यावर मी कागद चिकटवून ठेवला आहे, 'कोणी खाऊ नये'. काल पाहिलं तर डब्यात सहा चकत्या उरल्या होत्या आणि मामाजी बंगईवर बसून गालात काहीतरी थंड घोळवत होते.