मिनिटांच्या पुढचा दशांश : जिओकॅशिंगमधले अक्षांश-रेखांश

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली : उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून घेतली होती, आणि त्यामुळे शंभरेक मीटर इकडेतिकडे भरकटणारी हातातली यंत्रे आता बरीच नेमकी जागा दाखवू लागली होती. कोणीतरी लपवलेला डबा, म्हणजे 'कॅश', जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढायचा, या जिओकॅशिंग नावाच्या छंदाचा उगम तो हाच. पोर्टलंडला राहायला आल्यावर मी ती जागा पाहून आलो. आज तिथे एक स्मृतिफलक बसवलेला आहे. या छंदाकडे नव्याने वळलेले मित्र मला सर्वांत जास्त विचारतात ते मात्र डब्याबद्दल नव्हे, तर या आकड्यांबद्दल, आणि ते समजावताना मी नेहमी बीव्हरक्रीकचेच आकडे घेतो.

एकच जागा तीन प्रकारे लिहिता येते. उल्मर यांनी वापरलेल्या पद्धतीत अंश पूर्ण असतात आणि दशांश चिन्ह मिनिटांच्या पुढे येते. गूगल मॅप्समधून आपण एरवी जे आकडे उचलतो, त्यांत मिनिटे नसतातच. संपूर्ण अपूर्णांक अंशांतच मांडलेला असतो. १७.४६० मिनिटांना ६० ने भागले की ०.२९१ येतात, म्हणून तोच अक्षांश ४५.२९१०० होतो, २४.८ ला ६० ने भागून रेखांश १२२.४१३३३ येतो आणि तो पश्चिमेचा असल्यामुळे त्याच्या आधी उणे चिन्ह लागते. तिसरी पद्धत शाळेच्या भूगोलात शिकवतात ती, अंश-मिनिटे-सेकंदांची. तिच्यात मिनिटांचा फक्त अपूर्णांक भाग ६० ने गुणायचा : ०.४६० गुणिले ६० म्हणजे २७.६ सेकंद, आणि ०.८ गुणिले ६० म्हणजे ४८ सेकंद. तेव्हा ४५° १७' २७.६" आणि १२२° २४' ४८" हीसुद्धा त्याच बादलीची जागा.

गणित सातवीतल्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे. अडचण येते ती वाचण्यात, कारण तिन्ही पद्धतींत दिसणारे अंक सारखेच भासतात. १७.४६० हे '१७ मिनिटे ४६ सेकंद' असे वाचले, तर यंत्र काहीही तक्रार करत नाही. ४६ सेकंद ही पूर्णपणे वैध संख्या आहे, मात्र खऱ्या २७.६ सेकंदांपेक्षा ती १८.४ सेकंदांनी जास्त आहे. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळजवळ ३१ मीटर, म्हणजे आपण साधारण ५७० मीटर उत्तरेला जाऊन पोहोचतो आणि तिथल्या प्रत्येक ओंडक्याखाली हात घालून पाहतो. ही चूक फार मोठी नसते, म्हणूनच ती धोक्याची असते : जंगल तेच, पायवाट बहुधा तीच, त्यामुळे आपण चुकीच्या जागी आहोत अशी शंकाही येत नाही. रेखांश मात्र इथे आपल्याला सावध करतो. २४.८०० तसाच वाचला तर '२४ मिनिटे ८० सेकंद' होतात, आणि ८० सेकंद कधीच असू शकत नाहीत. म्हणून मी नवख्यांना सांगतो की दशांश चिन्हापुढचे पहिले दोन अंक आधी पाहा. ते ६० किंवा त्याहून जास्त असतील, तर ते सेकंद नाहीत याविषयी खात्री बाळगा. ते ६० हून कमी असले, तर केवळ त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

याउलट १७ आणि ४६० हे अंक सरळ अंशांच्या दशांशापुढे बसवून ४५.१७४६० आणि उणे १२२.२४८०० असे टाइप केले, तर आपण सुमारे १३ किलोमीटर दक्षिणेला आणि तितकेच पूर्वेला जातो. ही चूक नकाशावर लगेच उघडी पडते. उणे चिन्ह राहून गेले, तर नकाशा थेट ईशान्य चीन दाखवतो. भारतात वाढलेल्या माणसाकडून हे उणे विशेष सुटते, कारण आपल्याकडचे सगळे अक्षांश उत्तरेचे आणि सगळे रेखांश पूर्वेचे, त्यामुळे चिन्ह लिहिण्याची सवयच नसते.

जिओकॅशिंगमध्ये दशांश मिनिटेच रूढ झाली, आणि माझ्या मते ते योग्य झाले. मिनिटाचा हजारावा भाग अक्षांशावर १.८५ मीटर भरतो, म्हणजे तीन दशांश स्थळे ही हातातल्या यंत्राच्या अचूकतेला नेमकी पुरेशी आहेत. शिवाय कोड्यांच्या कॅशमध्ये 'उत्तर ४५° १७.कखग' असे लिहून तीन उत्तरांचे तीन अंक भरायला सांगता येतात. मात्र शून्य कधीही गाळू नये. कोड्याचे उत्तर ०, ४, ६ असे आले, तर १७.०४६ लिहायचे, १७.४६ लिहिले की पाऊण किलोमीटरचा फरक पडतो. दशांश अंशांतही कसर करू नये. १२२.४१३३३ चे १२२.४१ केले, तर त्या अक्षांशावर सुमारे २६० मीटर हातचे जातात. पाच स्थळे ठेवली की एक मीटरच्या आसपासचा नेमकेपणा टिकतो.

मी स्वतः यंत्रावर दशांश मिनिटांची निवड कायम ठेवतो आणि फोनवरही आकडे बदलून घेत नाही, कारण गूगल मॅप्सच्या शोधचौकटीत '४५ १७.४६०, -१२२ २४.८००' असे मधे मोकळी जागा सोडून इंग्रजी अंकांत लिहिले तरी ते बरोबर समजते. हाताने रूपांतर करण्याची वेळ जितकी कमी येईल तितके उत्तम. कोणाला आकडे पाठवताना अंशाची आणि मिनिटाची खूण मी न चुकता लिहितो. सह्याद्रीतले माझे ट्रेकर मित्र पाण्याच्या टाक्याची जागा व्हॉट्सॲपवर नुसत्या अंकांत पाठवतात, तेव्हा ते अंश आहेत की मिनिटे हे मला परत विचारावे लागते, आणि डोंगरात रेंज नसताना विचारायची सोय नसते.

यूटीएम ही जागा लिहिण्याची पद्धत वेगळीच आहे. तिच्यात अंश नसून मीटर असतात, आणि पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे केलेले असतात. बीव्हरक्रीक दहाव्या पट्ट्यात येते, मुंबई-पुणे ४३व्या आणि नागपूर ४४व्या. कागदी नकाशावर अंतर मोजायला ती फार सोयीची आहे, पण पट्ट्याचा क्रमांक सोडला तर उरलेल्या आकड्यांना काहीच अर्थ राहत नाही.

लेखनपद्धत बरोबर असूनही जागा ठरावीक दिशेला सरकलेली दिसत असेल, तर यंत्रातले 'डेटम', म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी गृहीत धरलेले पृथ्वीचे आकारमान आणि संदर्भ, तपासावे. जिओकॅशिंगचे सगळे आकडे डब्ल्यूजीएस ८४ वर आधारलेले असतात, तर अमेरिकेतले जुने कागदी नकाशे १९२७ च्या डेटमवर आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पृथ्वीच्या १८३० च्या मापांवर बेतलेले आहेत. त्या नकाशांवरून उचललेले अक्षांश-रेखांश डेटम न बदलता यंत्रात भरले, तर मिनिटे-सेकंदांचा हिशेब कितीही चोख असला तरी डबा त्या जागी सापडणार नाही.