पेटीचा नंबर मराठीत गेला

एप्रिलचा मधला आठवडा, रत्नागिरीत हापूस भरायची धांदल. आमच्या अँड्रॉइड ॲपमधून प्रत्येक पेटीचा पाच आकडी नंबर सर्व्हरवर जातो. सकाळीच पावसहून एका बागायतदारांचा फोन: "अहो, कालची एकही पेटी दिसत नाही." शेजारच्या बागेतल्या पेट्या मात्र बिनबोभाट चढत होत्या. ॲपही तेच, आवृत्तीही तीच.

सर्व्हर सी++ मधला. लॉगमध्ये आकडा वाचताना 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. सहकाऱ्याला वाटलं, सर्व्हरचंच लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी करावं. 'एमआर_आयएन' (मराठी-भारत) दिलं, तर प्रोग्रॅम सुरू होतानाच 'नेम नॉट व्हॅलिड' म्हणून कोसळला. सर्व्हर चालतो तो कंटेनर डेबियन स्लिमचा, म्हणजे काटछाट केलेल्या लिनक्सचा. उपलब्ध लोकेल दाखवणाऱ्या 'लोकेल -ए' ने सी, सी.यूटीएफ८ आणि पॉसिक्स एवढीच तीन नावं दाखवली. लोकेल्स पॅकेज टाकलं, लोकेल.जेन फाइलमधल्या मराठीच्या ओळीपुढचा हॅश काढला (ती ओळ 'एमआर_आयएन यूटीएफ-८' अशी आहे, मध्ये टिंब नाही, म्हणून टिंबासकट शोधलं की सापडत नाही), लोकेल-जेन चालवलं. सर्व्हर उठला. पेट्या तशाच अडकलेल्या! मराठी लोकेल असलं तरी स्टॉय (मजकुरातून आकडा काढणारं सी++ चं फंक्शन) देवनागरी अंक वाचत नाही. विंडोजवर मिनजीडब्ल्यूने (जीसीसी कंपायलरच्या विंडोज आवृत्तीने) बांधलं असतं तर हे लोकेल मिळालंच नसतं. तिथे 'सी' आणि 'पॉसिक्स' सोडून दुसरं नाव चालत नाही.

मग आलेले बाइट उघडले, जे आधीच करायला हवं होतं. ई० ए५ ए६, पुन्हा ई० ए५ ए६. हे देवनागरी शून्य. एका अंकाला तीन बाइट, पाच अंकांना १५.

बागायतदारांचा फोन मराठीत होता. ॲपमध्ये आकड्याचा मजकूर करणाऱ्या स्ट्रिंग.फॉरमॅटला लोकेल दिलं नाही की ते फोनचं घेतं, आणि मराठीचे मूळ अंक देवनागरीच. त्यामुळे ४२ नंबरची पेटी '०००४२' अशी देवनागरीतच निघाली. ॲपमधली तपासणी रेजेक्सच्या (नमुना जुळवण्याच्या) '\डी', म्हणजे 'एक अंक', या खुणेवर होती. अँड्रॉइडवर तो कोणत्याही लिपीतला अंक मान्य करतो, संगणकावरच्या जावात मात्र फक्त इंग्रजी. युनिट टेस्ट संगणकावर चालायच्या आणि चाचणीचे सगळे फोन इंग्रजीत, म्हणून हे कुणाच्या नजरेलाच पडलं नाही.

दुरुस्ती एका ओळीची: सर्व्हरकडे जाणाऱ्या फॉरमॅटला लोकेल.रूट, म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल. पडद्यावरचे आकडे मराठीच ठेवले, बागायतदारांना तेच हवे असतात. अडकलेल्या नोंदींसाठी सर्व्हरवर छोटा फेरा: अक्षराचा कोडपॉइंट (युनिकोड क्रमांक) ०९६६ ते ०९६एफ मध्ये असेल तर त्यातून ०९६६ (हेक्स) वजा, उरेल तो अंक. दुपारच्या जेवणाआधी पावसच्या पेट्या यादीत आल्या. छापलेली लेबलं तशीच राहू दिली. त्यांच्यावरच्या क्यूआरमध्येही देवनागरीच अंक, म्हणून तो वाचतानाही हाच फेरा लागतो.