अनोळखी औषधालाही दाद न देणाऱ्या पेशी

प्रयोगशाळेत माझ्याकडे एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशी होत्या. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे एका रुग्णाच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून त्या मिळाल्या, १९७३ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून त्या जगभरातील प्रयोगशाळांमध्ये वाढत आहेत. या पेशींना डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध आधी अगदी नगण्य मात्रेत द्यायचे, बहुतेक पेशी मेल्या की उरलेल्या वाढू द्यायच्या, मग मात्रा किंचित वाढवायची, असे करत अनेक महिन्यांनी, मूळ पेशींना हमखास मारणाऱ्या मात्रेतही खुशाल वाढणारी एक शाखा हाती आली होती. औषधाला दाद न देणारी, म्हणजे प्रतिकारक, तयार सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवला जाणारा पेशींचा वंश) मागवता आली असती. पण एमसीएफ-७ ची म्हणून वर्षानुवर्षे वापरली गेलेली अशी एक लाइन मुळात अंडाशयाच्या कर्करोगाची निघाली होती. म्हणून आमच्या मार्गदर्शक मॅडमचा आग्रह होता की आपली शाखा आपणच तयार करायची आणि डीएनए तपासून तिची ओळख पटवून घ्यायची. वेळखाऊ असला तरी हा आग्रह योग्यच होता.

त्या दिवशी सकाळी ९६ छोटे खळगे (वेल) असलेली एक प्लेट वाचायची होती. तीत मूळ आणि प्रतिकारक अशा दोन्ही पेशींना वेगवेगळी औषधे दिलेली होती. एमटीटी हे पिवळे रसायन जिवंत पेशींमध्ये जांभळे होते, त्यामुळे यंत्रावर आकडे येण्याआधीच कोण जगले आणि कोण मेले याचा अंदाज डोळ्यांना येतो. डॉक्सोरुबिसिनच्या ओळी अपेक्षेप्रमाणे होत्या. नजर अडली ती पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिन्क्रिस्टिन यांच्या ओळींवर. या दोन्ही औषधांशी माझ्या शाखेचा त्याआधी कधीच संबंध आलेला नव्हता. त्यांची रचना निराळी आणि कामही निराळे: डॉक्सोरुबिसिन डीएनएवर घाला घालते, तर ही दोन्ही औषधे पेशीविभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिकांचे काम बिघडवतात. तरीही प्रतिकारक पेशींच्या वेलमध्ये गडद जांभळा रंग होता. सिस्प्लॅटिन या आणखी एका कर्करोगाच्या औषधाच्या ओळीत मात्र दोन्ही प्रकारच्या पेशी जवळपास सारख्याच मेल्या होत्या.

याचे स्पष्टीकरण मला वाचून माहीत होते. १९७६ मध्ये रूडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांनी कोल्चिसिन या विषारी द्रव्याला न जुमानणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींच्या आवरणावर सुमारे १,७०,००० डाल्टन वजनाचे एक प्रथिन दाखवले, तेच पी-ग्लायकोप्रोटीन. एटीपी या पेशीच्या इंधनातील ऊर्जा खर्चून ते पंपासारखे औषध पेशीबाहेर उपसते आणि त्या बाबतीत फारसे चोखंदळ नसते. पेशीच्या तेलकट आवरणात सहज मिसळणारी, एकमेकांशी नाते नसलेली कितीतरी औषधे त्याला चालतात; सिस्प्लॅटिन त्यांत बसत नाही. हे सारे ठाऊक असूनही ती प्लेट मी बराच वेळ हातात धरून उभी होते.

दुपारी या पंपाचे काम प्रत्यक्ष पाहायचे होते. डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकते, निळ्या प्रकाशात नारिंगी-लाल दिसते, त्यामुळे वेगळा रंग घालावा लागत नाही. दोन्ही पेशींना काही वेळ औषध देऊन, धुऊन फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली ठेवले. मूळ पेशींची केंद्रके लालसर उजळलेली होती. प्रतिकारक पेशींचे क्षेत्र मात्र इतके काळे होते की पेशी तिथे आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी साधा दिवा लावावा लागला. त्या होत्या, आणि चांगल्या दाटीवाटीने होत्या. एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते: हे औषध ज्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून मिळते, त्याच्याकडेही स्वतःचेच विष बाहेर टाकणारा याच कुळातला पंप असतो. कर्करोगाने ही युक्ती नव्याने शोधलेली नाही. पेशींकडे ती फार जुनी आहे.

मग तिसरी डिश घेतली. तीत औषधासोबत व्हेरापामिल, म्हणजे रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी दिली जाणारी गोळी ज्याची असते ते द्रव्य, मिसळलेले होते. ते दिल्यावर प्रतिकारक पेशी पुन्हा औषधाला दाद देतात, हे जपानमधील त्सुरुओ आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले; ते या पंपाला अडवते, हे त्यामागचे कारण. या डिशमध्ये प्रतिकारक पेशींची केंद्रकेही उजळली होती. मी मॅडमना बोलावले. त्यांनी शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, “छान आहे. पण एवढे व्हेरापामिल रुग्णाला दिलेस तर आधी हृदय बंद पडेल.” मी म्हटले, “मॅडम, नंतरची औषधे तर पंप अडवण्यासाठीच बनवली होती ना?” त्यावर त्या म्हणाल्या, “हाच पंप आतड्यात आहे, मूत्रपिंडात आहे, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे. तो सगळीकडे अडवला की केमो शरीरात साठून राहते.” अशाच एका पंप अडवणाऱ्या औषधाच्या, व्हॅल्स्पोडारच्या, चाचण्यांत नेमके हेच झाले होते; केमोची मात्रा कमी करावी लागली आणि अपेक्षित लाभ मिळाला नाही.

जाता जाता त्यांनी मला डॉक्सोरुबिसिनसोबत व्हेरापामिल दिलेल्या प्लेटवरचे आकडे पुन्हा पाहायला लावले. पंप अडवल्यावरही माझी शाखा मूळ पेशींइतकी मरत नव्हती. म्हणजे काही पेशींत औषध केंद्रकापर्यंत पोहोचूनही त्या तग धरून होत्या. डॉक्सोरुबिसिन ज्याला पकडते ते टोपोआयसोमरेज-२, म्हणजे डीएनएचे पीळ सोडवणारे प्रथिन, त्यांनी कमी केले असेल, किंवा मरणाचा संकेत थोपवणारे बीसीएल-२ हे प्रथिन वाढवले असेल. पुढच्या आठवड्यात वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने ओळखण्याच्या पद्धतीने ही दोन्ही प्रथिने मोजायचे ठरवून मी त्यासाठी लागणाऱ्या, नेमक्या त्याच प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटिबॉडींची मागणी लिहायला घेतली.