आण्णांची अल्टुरा विकली त्याची गोष्ट

जाहिरातीत मी 'बलेनो, 90 हजार' एवढंच लिहिलं ही पहिली चूक. दोन तासांत तीसेक फोन आले आणि प्रत्येकाला वाटत होतं की शोरूममध्ये दिसते ती हॅचबॅक बलेनो कोणीतरी नव्वद हजारात देतोय. एकाने तर 'चोरीची आहे का' असंही विचारलं, वर 'असली तरी बघू' म्हणाला.

आमची म्हणजे मारुती बलेनो अल्टुरा. जानेवारी 2004 चं पासिंग, पेट्रोल, एमएच-12, रंग चंदेरी. आत्ताची हॅचबॅक 2015 ला आली, तिला फक्त नाव जुनं दिलं. त्याआधी 1999 पासून बलेनो सेडान होती आणि तिचीच स्टेशन वॅगन म्हणजे अल्टुरा, मागे लांबलचक डिकी, टपावर रेल आणि पुढे 1.6 लिटरचं जी16बी इंजिन. आपल्याकडे वॅगन कधी चाललीच नाही. टाटाची इस्टेट आली, कोर्सा स्विंग आली, इंडिगो मरिना आली, सगळ्या गेल्या. आमच्या गाडीला तर शेजारचे काका पहिल्या दिवशीच 'ॲम्ब्युलन्स घेतली का' म्हणाले होते. आण्णांना (माझे वडील) त्याचं काही नव्हतं, त्यांना गावाकडून तांदळाची पोती आणि आंब्याच्या पेट्या सीट न काढता आणता आल्या की झालं.

विकायचं कारण साधं होतं. आण्णांच्या मोतीबिंदूनंतर त्यांचं चालवणं बंद झालं, मी महिन्यातून एकदा बॅटरी उतरू नये म्हणून सिंहगड रोडला चक्कर मारायचो. सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. आणि पंधरा वर्षांनंतर 2019 ला जे पाच वर्षांचं रिन्यूअल केलं होतं ते जानेवारी 2024 ला संपणार होतं. तेव्हा फी 600 होती, एप्रिल 2022 पासून ती 5000 झाली होती, पर्यावरण कर वेगळा, आणि पासिंगच्या आधी गाडी पासिंगलायक करायचा खर्च त्याहून वेगळा.

खर्च कुठेकुठे होता ते सांगतो, कारण हेच सगळं मी नंतर दुसऱ्या जाहिरातीत लिहिलं. डिकीच्या दाराची खालची कड गंजलेली, बोट घातलं तर पापुद्रा निघतो. मागच्या डाव्या चाकावरचा पत्रा एकदा लांबी (पुट्टी) भरून रंगवलाय. डावा टेल लॅम्प फुटलेला, त्यावर लाल टेप. तो लॅम्प सेडानचा बसत नाही, नाना पेठेत तीन दुकानं फिरलो तर एकाने सरळ 'साहेब, ही गाडी आता विसरा' असा सल्ला दिला. मागचा वायपर मेलेला. टपाचं कापड आतून सुटून डोक्यावर येतं म्हणून आण्णांनी बायकोच्या, म्हणजे माझ्या आईच्या, शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या लावलेल्या. आणि डिकीचे शॉकअप गेलेले, त्यामुळे दार वर राहत नाही, ते वर ढकलून खाली क्रिकेटचा स्टंप उभा करायचा. स्टंप माझ्या मुलाचा. त्याचा सेट गेली चार वर्षं दोन स्टंपांचा आहे. चालायला मात्र गाडी एक नंबर, 1 लाख 48 हजार किलोमीटर झालेली आणि एक सेल्फला स्टार्ट.

आधी एका ऑनलाइन जुन्या गाड्या घेणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन टॅबवर पन्नास फोटो काढून गेला, संध्याकाळी आकडा आला 26 हजार. भंगारवाला 22 म्हणाला. म्हणजे त्या पन्नास फोटोंची किंमत चार हजार.

मग सगळ्या खोडी लिहून, फुटलेल्या लॅम्पचा आणि स्टंपचा फोटो टाकून 'अल्टुरा वॅगन' नावाने नवी जाहिरात केली. फोन कमी झाले, पण जे आले ते वेगळेच. पहिले तिघं विचारायचे फक्त इंजिनचं. ऑइल खातं का, धूर मारतं का, गिअरबॉक्स कंपनीचाच का. दोन फोननंतर माझ्या लक्षात आलं की हे सगळे जिप्सीवाले. जिप्सीत हे 1.6 चं इंजिन टाकायचा नाद आहे म्हणे लोकांना, ऑफरोडला ताकद मिळते. एकजण पंचावन्न द्यायला तयार होता, कॅश, टेंपो घेऊन येतो म्हणाला, बॉडी तुम्हीच ठेवा. मी हो म्हणणार होतो खरं सांगायचं तर. पण आण्णा शेजारी बसून ऐकत होते, त्यांनी फक्त 'बॉडी ठेवायची कुठे, गॅलरीत?' असं विचारलं आणि पेपर वर केला. तिथे तो विषय संपला.

चौथा फोन आला तो कोल्हापूरचा मुलगा, पुण्यात धायरीला राहतो, वय सत्तावीस-अठ्ठावीस. त्याने किंमत विचारलीच नाही. 'दादा, टपावरची रेल ओरिजनल हाय का? आणि मागं अल्टुरा लिवलेलं शाबूत हाय का?' गणपतीत, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, तो आला. हातात पिशवी, पिशवीत कॉम्प्रेशन गेज (इंजिनच्या सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर), टॉर्च आणि फ्रिजवर लावतात तसला गणपतीचा मॅग्नेट. मॅग्नेट घेऊन गाडीभोवती फिरला, मागच्या डाव्या चाकापाशी तो चिकटेना, तर माझ्याकडे बघून हसला, 'हितं लांबी हाय, तुमी लिवलंयच म्हणा.' माझ्या मते व्यवहार तिथेच झाला, बाकीचं सगळं नंतरचं. मी ते लपवलं असतं तर त्याने पुढचं काहीच खरं धरलं नसतं.

मग चारही प्लग काढून कॉम्प्रेशन बघितलं. मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि तो आकडा मोबाईलमध्ये टाइप करायचा. चारही 170 च्या वर, आपसात पाचाहून जास्त फरक नाही. तो काही बोलला नाही, नुसतं 'हं' केलं, पण प्लग परत बसवताना शीळ घालत होता. टेस्ट ड्राइव्हला मी लायसन्सचा फोटो काढून घेतला आणि शेजारी बसलो, नवले पुलापर्यंत गेलो, तिसऱ्या गिअरमध्ये त्याने एकदा ओढली आणि मलाच माहिती नव्हतं ही गाडी अशी पळते.

घरी चहाला आला तेव्हा आण्णांनी त्यांची डायरी काढली. 2004 पासून प्रत्येक पेट्रोल भरण्याची नोंद, तारीख, किलोमीटर, लिटर, भाव, ॲव्हरेज, लाल पेनने सर्व्हिसिंग. पहिल्या पानावर पेट्रोलचा भाव चाळीसच्या आसपास, शेवटच्या पानावर 106. टायमिंग बेल्ट कधी बदलला तर बिलासकट टाचलेलं. त्या पोराने अर्धा तास डायरी वाचली, चहा गार झाला. आण्णा त्याला आधी 'अहो' म्हणत होते, डायरीनंतर 'अरे' वर आले. भाव 74 ला ठरला. मी 80 वर अडून बसणार होतो पण आण्णांनीच 'त्याला पासिंगचे पाच हजार पडणारेत' म्हणून त्याची बाजू घेतली, आता काय बोलणार.

टोकन म्हणून त्याने पाच हजार जीपे केले. गाडी लगेच न्यायची होती त्याला. आण्णा म्हणाले विसर्जनानंतर बघू, आणि विसर्जन झालं तर म्हणाले पितृपक्षात गाडी द्यायची नाही. आमच्या घरात पितृपक्षात फ्रिज आलाय, एसी आलाय, कोणी काही म्हणालेलं नाही. पण ठीक आहे, पंधरा दिवस मिळाले ते कागदांत गेले.

आणि लागलेच ते. आरसी आण्णांच्या नावावर, आणि परिवहनच्या पोर्टलवर आमचा मोबाईल नंबरच नव्हता, त्यामुळे ओटीपी येणार कुठे? आधी नंबर अपडेट करायचा, त्यासाठी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लागतात, ते आरसीवरून बघून टाकले. नंतर दिसलं दोन ई-चलनं बाकी आहेत, एक सिग्नलचं, एक नो पार्किंगचं. दोन्ही माझी. आण्णांनी पावती मागितली, डायरीत लावायला.

फॉर्म 29 दोन प्रतींत आणि 30, दोघांचे आधार-पॅन, इन्शुरन्स, पीयूसी, चेसिस नंबरचं पेन्सिलने घासलेलं प्रिंट. एक ओळखीचा एजंट म्हणाला, 'काका सही करून ठेवतील, बाकी तारीख-बिरीख कोरी सोडा, मी बघतो.' हे अजिबात करू नका. आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, गाडी विकली असली तरी ट्रान्सफर होईपर्यंत अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात येऊ शकते, 2018 ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय. विकल्याचं 14 दिवसांत कळवायचं असतं. आम्ही सगळे रकाने भरूनच सह्या केल्या. आण्णांचा हात आता थरथरतो, सही 2004 च्या सहीशी जुळेना, म्हणून त्यांनी दुपारभर जुन्या चेकबुकाच्या मागे सराव केला. मी आतल्या खोलीतून बघत होतो, गेलो नाही बाहेर.

घटस्थापनेला, 15 ऑक्टोबरला, सकाळी पोरगा आला. डिलिव्हरी लेटरवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहिली, 11 वाजून 20 मिनिटं, त्यानंतरचं चलन-अपघात सगळं त्याचं. आईने नारळ फोडला. स्टंपावरून थोडी गंमत झाली, तो म्हणे 'ह्यो गाडीसंगट पायजे', माझा मुलगा द्यायला तयार नाही. शेवटी त्याने येताना केरसुणीचा दांडा आणला होता तो लावला. कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्याला टेल लॅम्प मिळालाय म्हणाला, फोटो दाखवला, डावाच होता.

आठवड्याभरात ट्रान्सफरचा अर्ज त्याने टाकला, ओटीपी आण्णांच्या फोनवर आला, तो त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा मोठ्याने वाचून सांगितला.

एक गोष्ट मात्र राहिली. फास्टॅग बंद करायचा मी पार विसरलो. दसऱ्याच्या आदल्या शनिवारी आण्णा फोन घेऊन माझ्याकडे आले, 'खेड शिवापूर' म्हणाले. टोल कापल्याचा मेसेज. मी म्हटलं अरे देवा, थांबा बंद करतो. 'नको,' म्हणाले, 'मध्येच अडवतील त्याला.' आणि खुर्ची ओढून बसले. तासाभराने आनेवाडी. मग तासवडे. दोन टोलमधला वेळ कागदावर मांडून म्हणाले, जपून चालवतोय. किणी आल्यावर उठले आणि आईला सांगितलं, पोचला कोल्हापूरला.

संध्याकाळी त्याचे टोलचे पैसे आले, वर पाच रुपये जास्तच होते. ते परत पाठवायला आण्णांनी मला लावलं.