हेड बसवताना: बोल्ट की स्टड?

माझ्या जुन्या डिझेल गाडीचे इंजिन उघडले, तेव्हा हेडला (म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाला) बोल्टच ठेवायचे की स्टड (डोके नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) बसवायचे, या विचारात माझे दोन दिवस गेले. मिस्त्रींचे मत मात्र ठाम होते: "कंपनीने बोल्ट दिलेत ना, मग बोल्टच लावा."

बोल्ट आवळताना त्याला पीळ आणि ताण एकाच वेळी सोसावा लागतो, शिवाय त्याचे आटे ब्लॉकच्या बिडात घासत फिरतात. स्टड मात्र ब्लॉकमध्ये हातानेच फिरवून बसवतात आणि वरचा बारीक आट्यांचा नट आवळला की तो मुख्यतः सरळ ताणला जातो, त्यामुळे हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटवर (गळती रोखणाऱ्या पातळ थरावर) दाब अधिक सारखा पडतो. टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायच्या पान्याने) लावलेल्या जोरापैकी साधारण 90 टक्के घर्षणातच खर्ची पडतो, म्हणून आट्यांना कोणते वंगण लावले यालाही महत्त्व आहे.

तरीही मी बोल्टच घेतले. टर्बो नसलेल्या या इंजिनाला स्टडची गरज नव्हती. शिवाय स्टडवरून हेड काढायचे तर ते सरळ वर उचलावे लागते आणि बॉनेटखाली तेवढी जागाच नव्हती. जुने बोल्ट एकदाच ताणून वापरायच्या प्रकारातले असल्याने नवा संच आणला.

ब्लॉकमधल्या बोल्टांच्या भोकांतून टॅप (आटे साफ करायचे हत्यार) फिरवून हवा मारली, तेव्हा एका बंद भोकाच्या तळातून चमचाभर तेल उडाले. ते आत राहिले असते, तर बोल्टाच्या रेट्याने ब्लॉकला तडा जाऊ शकला असता. मिस्त्रींनी काही न बोलता उरलेली भोके स्वतः पुन्हा तपासली.