धूव

आठवीत इंग्रजीच्या सरांनी 'डॉटर' या शब्दाचं स्पेलिंग दहा वेळा लिहायला लावलं होतं. मधले जी आणि एच बोलायचे नाहीत, पण लिहायचे मात्र न चुकता. मी उभं राहून विचारलं, "सर, बोलायचेच नाहीत तर लिहायचे कशाला?" सर रागावले नाहीत. "मला ठाऊक नाही. पुढचा तास संस्कृतचा आहे ना? बाईंना विचार," म्हणाले. एका शिक्षकाने भर वर्गात 'मला ठाऊक नाही' म्हणावं, याचं मोल मला पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं.

बाईंनी फळ्यावर 'दुहिता' लिहिलं, शेजारी 'डॉटर'. मग वर्गाकडे वळून विचारलं, "घरी आजी मुलीला काय म्हणते?" आमचा अर्धा वर्ग मालवणी बोलणारा. शाळेत मात्र ती बोली जिभेवर येऊ नये म्हणून आम्ही जपायचो. कुणी बोलेना. शेवटी मीच हळूच म्हटलं, "धूव." आत्या माहेरी आली की आजी ओट्यावरूनच हाक द्यायची, "माझी धूव इली गो!" बाईंनी तो शब्द तितक्याच मोठ्या अक्षरांत तिसरा लिहिला आणि म्हणाल्या, "तिन्ही एकाच घरातले."

त्याच तासाला यास्काचं निरुक्तही, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा प्राचीन ग्रंथ, कानावर पडलं. दुहिता का म्हणायचं? 'दूरे हिता', दूर असलेलीच बरी. किंवा 'दुह्' धातूवरून, दूध काढणारी. मुलींच्या बाकांवर एकदम शांतता पसरली. बाईंनी ती ओळखली. म्हणाल्या, "यास्काने पर्याय दिलेत. म्हणजे खात्री त्यालाही नव्हती." तरी ते 'दूरे हिता' माझ्या मनात रुतून बसलं.

पुढे पुण्याला मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकायला लागले. 'टोख्टर', म्हणजे मुलगी. त्यातला ख आपला नव्हे. घसा किंचित खरवडत येणारा, श्वासाचा ख. तो पहिल्यांदा नीट जमला आणि आठवीतल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. इंग्रजीतले ते मुके जी-एच म्हणजे हाच आवाज! जुन्या इंग्रजीत शब्द 'दोह्तोर' असा होता आणि त्यातला ह असाच घशातून यायचा. पुढे लेखनिक तो जी-एच असा लिहू लागले. आवाज गेला, अक्षरं राहिली.

मग मी त्या शब्दाच्या मागेच लागले. डच 'दोख्टर', स्वीडिश 'दोत्तर', डॅनिश 'दातर'. स्वीडिशमध्ये ह आणि त एकमेकांत मिसळून जोड त झाला, जसा आपल्या प्राकृतात 'सप्त'चा 'सत्त' झाला तसाच. आइसलँडमध्ये तर हा शब्द रोज नावातच वावरतो. तिथे आडनाव बहुधा नसतंच. बापाच्या किंवा आईच्या नावापुढे 'दोत्तिर' लावतात. १९८० साली तिथे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर म्हणजे फिन्बोगीची मुलगी विग्दिस. जगात लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झालेली ती पहिली स्त्री.

पण एक कोडं सुटत नव्हतं. संस्कृतात द असेल तिथे इंग्रजीत ट येतो: दश–टेन, द्वि–टू, दंत–टूथ. जर्मन भाषापंडित याकोप ग्रिमने १८२२ साली हे नियमात बसवून दाखवलं. मग 'दुहिता'च्या जोडीला इंग्रजीत ट हवा, ड कसा? उत्तर दिलं हेर्मान ग्रासमान यांनी, १८६३ साली. हे गृहस्थ श्टेटिनच्या शाळेत शिकवत, गणिती म्हणून मोठे, आणि ऋग्वेदाचा कोशही त्यांनी रचला. एका शाळामास्तराचं हे काम, म्हणून या स्मरणिकेत ते आवर्जून सांगावंसं वाटतं. त्यांचं म्हणणं असं: लागोपाठच्या दोन अक्षरांत दोन महाप्राण, म्हणजे घ, ध, भ असे श्वास सोडून म्हणायचे वर्ण, आले की संस्कृत पहिल्याचा श्वास काढून घेतं. 'धा'चं 'धधाति' होत नाही, 'दधाति' होतं, 'भू'चं 'बभूव'. आपण हे घोकून पाठ केलंय! तसंच मूळ शब्दात आरंभी ध होता आणि पुढे घ. घ पुढे ह झाला, पण त्याआधीच त्याने ध चा द करून ठेवला होता. आणि संस्कृतातल्या ध ला इंग्रजीत ड हे अगदी नियमाला धरून आहे.

माझ्या टेबलासमोर एका दगडाचं छायाचित्र आहे. नॉर्वेतल्या टूने गावच्या चर्चपाशी १६२७ साली लोकांच्या नजरेस आलेला हा दगड आता ओस्लोच्या संग्रहालयात असतो. विवाझ नावाच्या माणसाने वोदुरिदाझसाठी तो कोरला, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी. रूनी या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतल्या त्या ओळींत 'थ्रियोझ दोह्त्रिझ' अशी अक्षरं आहेत: तीन मुली. लगेच पुढे वारशाचा शब्द आहे. त्या ओळीच्या नेमक्या अर्थावर पंडितांचा वाद आहे, पण तीन मुली तिथे आहेत याबद्दल नाही. त्या दूर नाहीत. वोदुरिदाझच्या दगडावर, त्याच्या नावाच्या जवळ आहेत. 'दूरे हिता'चा काटा माझ्यापुरता त्या दगडाने काढला.

बाई निवृत्त झाल्यावर एका मे महिन्यात त्यांना भेटायला गेले होते. ग्रासमानची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि लगेच विचारलं, "मग तुझ्या आजीच्या शब्दात ध आला कुठून? तो तर संस्कृतनंतरचा." मी सांगितलं, तो जुना ध नव्हे, बाई. प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी 'दुहिता'तल्या ह चा श्वास मागे सरकून द ला जडला, म्हणून 'धूआ' झालं. पंजाबीतली 'धी' त्याच घरची. संस्कृतने जो ध घालवला तो आजीच्या शब्दात दुसऱ्या वाटेने परत आला.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "परत म्हण. सावकाश."

मी म्हटलं, "दुहिता. धूआ. धूव."