अर्ध्या तासाच्या वाचनासाठी १९७५ पासूनची माणसं

तिसरीच्या वर्गात मंगळवारी अर्धा तास गोष्ट वाचून दाखवायची, एवढंच काम. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात त्याआधी सरकारी दाखले लागतात, आणि वर्गाच्या दारापर्यंत पोचायला मला नऊ आठवडे लागले.

सोरॉरिटी, म्हणजे अमेरिकन कॉलेजातली मुलींची संघटना, म्हटलं की आपल्या लोकांना नुसत्या पार्ट्या आठवतात. आमची पाय बीटा फाय १८६७ मध्ये इलिनॉयच्या मॉनमथमध्ये बारा मुलींनी सुरू केली. १९१२ मध्ये तिने टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला डोंगरातल्या मुलांसाठी शाळा काढली. कॉलेज संपवून बाहेर पडलेल्या आम्ही बायका माजी सदस्यांच्या क्लबातर्फे आजही वाचन आणि पुस्तकवाटप करतो. क्लबात नाव घालणं, शाळा ठरवणं, सगळं सुरळीत झालं. अडलं ते कागदांवर.

पेन स्टेट विद्यापीठातल्या बाल-अत्याचाराच्या प्रकरणानंतर, २०१४ च्या कायद्याने स्वयंसेवकांचे नियम कडक झाले. राज्य पोलिसांचा गुन्हे-नोंदीचा दाखला आणि बाल-अत्याचार नोंदीचा दाखला सगळ्यांनाच लागतो. राज्यात सलग दहा वर्षं राहत नसाल तर एफबीआयच्या तपासणीसाठी बोटांचे ठसेही. दहा वर्षं झाली असतील तर ठशांऐवजी लेखी निवेदन चालतं. ठशांची वेळ घेताना सेवेचा कोड स्वयंसेवकाचाच निवडा. चुकीच्या कोडवर दिले तर ठसे पुन्हा द्यावे लागू शकतात.

खरी गंमत बाल-अत्याचाराच्या अर्जात. १९७५ पासून तुम्ही कुठे कुठे राहिलात ते पत्ते, आणि तेव्हापासून तुमच्यासोबत एका घरात राहिलेल्या प्रत्येकाचं नाव, नातं, आजचं वय. चौकोनी कुटुंबात वाढलेल्या मैत्रिणीचं पाच ओळींत आटोपलं. मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढले. आजी, दोन काका, काकू, चुलत भावंडं, शिकायला येऊन राहिलेला आतेभाऊ, वर कॉलेजातल्या रूममेट. यादी बावीस नावांची झाली. गेलेल्या आजीचं आजचं वय काय लिहायचं? मी ती गेली तेव्हाचं लिहिलं. कुणी विचारलं नाही. ऑनलाइन भरताना यादी आधी कागदावर करा, मग टाइप करा. मध्येच उठलात आणि लॉगिन गेलं की चिडचिड नक्की.

नावांचा घोळ त्याहून वाईट. आधीची सगळी नावं द्यायची असतात: माहेरचं आडनाव, वडिलांचं मधलं नाव, लग्नात बदललेलं असेल तर पाळण्यातलंही. माझ्या एका दाखल्यावर मधलं नाव नवऱ्याचं, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, लायसन्सवर काहीच नाही. शाळेच्या ऑफिसातून कागद दोनदा परत आले, आणि नेमकं काय चुकलं हे तिसऱ्या फोनला कळलं. सगळीकडे लायसन्सवरचं नाव जसंच्या तसं लिहा, बाकीची आधीच्या नावांच्या रकान्यात.

पोलिसांचा दाखला मात्र बहुतेकदा लगेच निघतो. स्वयंसेवक म्हणून अर्ज केला की फुकट. फक्त ‘नोंद नाही’ असं लिहिलेलं पान छापून शाळेत नेऊ नका, तो दाखला नव्हे. ‘आर’ने सुरू होणाऱ्या नियंत्रण क्रमांकावर क्लिक करून आतला प्रमाणपत्राचा फॉर्म उघडा. आमच्यातल्या तिघींनी तेच चुकीचं पान नेलं होतं.

हो, पुस्तकांचं राहिलं. जुनी पुस्तकं गोळा करायच्या फंदात पडू नका. दमट तळघरातले विश्वकोश येतात आणि ते रद्दीत घालायला आपल्यालाच फेऱ्या. फर्स्ट बुक या संस्थेकडून नवी, स्वस्त पुस्तकं मिळतात, तिथे शाळेच्या बाईंना नोंदणी करायला सांगा. ती पुस्तकं कमी उत्पन्नाच्या घरच्या मुलांसाठी असतात. पटसंख्येपेक्षा दोन पुस्तकं जास्त मागवा, मध्येच नवं मूल येतं. पहिल्या पानावर मुलाला स्वतःचं नाव लिहू द्या, वाचायला बसण्याआधीच. नंतर घंटा होते.

दाखले ६० महिने चालतात आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणून ती बावीस नावांची फाइल मी जपून ठेवली आहे. वयं तेवढी दर वेळी बदलावी लागतील.